जुळ्यातलं दुसरं बाळ कुठं आहे, एवढं विचारा

प्रति,
सोलापूर शहर आणि जिल्ह्यात नवजात बाळांचे अतिदक्षता विभाग चालवणारे सर्व डॉक्टर,
तसेच माननीय महापालिका आरोग्य अधिकारी आणि माननीय जिल्हा आरोग्य अधिकारी,

सप्रेम नमस्कार. वेळेआधी जन्मलेल्या बाळांचे डोळे वेळेत तपासले जावेत, यासाठी हे पत्र आहे.

मी सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात कटिंग मास्तर आहे. वीस वर्षं हातात कात्री आणि टेप आहे. चार वर्षांच्या मुलापासून दहावीच्या पोरापर्यंत कुठलंही माप मला तोंडपाठ आहे. पण २०२१च्या ऑक्टोबरात एका सिस्टरनं मला सांगितलं, "दादा, बाळाला टोपी लागेल, मऊ कापडाची," आणि डोक्याचा घेर सांगितला साडेनऊ इंच. एवढ्या मापाचा फर्मा माझ्याकडं नव्हता. कारखान्यात गेलो, नव्या बनियनचं कापड घेतलं, जुन्या पोस्टकार्डावर फर्मा काढला आणि दोन टोप्या शिवल्या. शिवण बाहेरच्या बाजूला ठेवली, आत टोचू नये म्हणून. दोन टोप्या, कारण पोरं दोन होती.

डॉक्टरांनी तारीख दिली होती १४ जानेवारीची. गड्ड्याच्या यात्रेत बाळं येणार म्हणून माझी आई हरखून गेली होती. बाळं आली दसऱ्याला, १५ ऑक्टोबरला. बरोबर तेरा आठवडे आधी, म्हणजे सत्ताविसाव्या आठवड्यात. मुलगा आधी, ९८० ग्रॅम. चार मिनिटांनी मुलगी, ९१० ग्रॅम.

आधी चांगलं सांगतो. दोन दिवस आधीच बायकोला पाणी जायला लागलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी एक तास न दवडता बाळांची फुप्फुसं पक्की होण्याचं इंजेक्शन दिलं, दुसऱ्या दिवशी दुसरा डोस दिला. ती दोन इंजेक्शनं मिळाली नसती तर आज मी हे पत्र वेगळं लिहीत असतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की गरीब देशांत अठ्ठावीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या दर दहा बाळांतली नऊहून जास्त पहिल्या काही दिवसांतच जातात, आणि श्रीमंत देशांत दहातलं एकसुद्धा जात नाही. सोलापुरात माझी दोन्ही जगली. ज्यांनी जगवली त्यांचे उपकार माझ्यावर आहेत आणि ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. हे पत्र रागानं लिहिलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

बाळांना उबेत ठेवायच्या दोन काचेच्या पेट्या एका ठिकाणी रिकाम्या नव्हत्या. मुलीला श्वास अजिबात घेता येत नव्हता, तिला व्हेंटिलेटर हवा होता. म्हणून ती एका दवाखान्यात गेली आणि मुलगा दुसऱ्या. मधे दोन किलोमीटर. बायको तिसऱ्याच ठिकाणी, पोटाला टाके. मी सायकलवर. सकाळी मुलाला आईचं दूध नेऊन द्यायचं, मग मुलीला, मग कारखाना, रात्री परत तेच. दूध किती? दोन एमएल. सिरिंजच्या तळाशी दिसेल न दिसेल एवढं. ते नळीनं पोटात सोडायचे.

मुलगी फार आजारी होती. फुप्फुसात औषध सोडलं, दोनदा रक्त दिलं, टाळूवर मशीन ठेवून मेंदूची सोनोग्राफी केली, श्वास विसरत होती म्हणून कॅफिन चालू होतं. मुलगा त्या मानानं दणकट. नाकातल्या नळीच्या हवेवर आठ दिवसांत सावरला. नातेवाईक विचारायचे तेव्हा मी म्हणायचो, "पोराची काळजी नाही, पोरीचं देवावर आहे." हे वाक्य मी किती जणांना सांगितलं असेल! आज ते आठवलं की जीव कासावीस होतो.

६ नोव्हेंबरला भाऊबीज होती. सुट्टीच्या दिवशीसुद्धा एक डोळ्यांचे डॉक्टर मुलीच्या दवाखान्यात आले. पेटीतल्या बाळांच्या डोळ्यांत थेंब घातले, पाऊण तासानं डोक्याला लावायचं एक यंत्र घालून, हातात भिंग धरून एकेकाचा डोळा आतून पाहिला. माझ्या मुलीला बावीस दिवस झाले होते. "पडद्यावर रक्तवाहिन्या अजून पुरत्या वाढलेल्या नाहीत, दोन आठवड्यांनी परत बघू," म्हणाले. परत आले. परत बघितलं. मग दर आठवड्याला. ८ डिसेंबरला त्यांनी लेझर केलं, आणि तेही आदल्या दिवशी ठरवून, थांबलेच नाहीत.

मुलगा २ डिसेंबरला घरी आला होता. वजन दीड किलो, गाल भरलेले. माझ्या आईनं दृष्ट काढली.

त्याच्या डिस्चार्ज कार्डावर औषधांची यादी होती. लोहाचे थेंब, डी जीवनसत्त्वाचे थेंब, कॅल्शियम. खाली इंग्रजीत ओळी होत्या. "वजनासाठी" म्हणून पुढं तारीख, "लस" म्हणून पुढं तारीख. आणि सगळ्यांत खाली एक ओळ, तीही इंग्रजीत: आरओपी स्क्रीनिंग अ‍ॅडव्हाइज्ड. म्हणजे वेळेआधीच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा तपासून घ्या, हे मला नंतर कळलं. पुढं तारीख नाही. कुठं जायचं ते नाही. कशासाठी ते नाही. घरी सोडताना सिस्टर जे समजावून सांगत होत्या, ते ऐकायला माझ्या सासूबाई होत्या. त्या विडी घरकुलातल्या, जन्मभर विड्या वळल्या, तेलुगू बोलतात, मराठी समजतं पण दवाखान्याचं मराठी समजत नाही. त्यांनी मान डोलवली. आपल्या गावात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चार भाषांची माणसं दवाखान्याच्या एकाच बाकावर बसतात, आणि कार्ड मिळतं पाचव्या भाषेत.

डॉक्टरसाहेब, एक गोष्ट लक्षात घ्या. त्या कार्डावर ज्या ओळीपुढं तारीख होती ती प्रत्येक गोष्ट आम्ही त्या दिवशी, त्या वेळी केली. एक वजन चुकवलं नाही. एक लस चुकवली नाही. नळाला चार-चार दिवसांआड पाणी येतं, तरी बाळाला हात लावण्याआधी हात धुवायला वेगळी कळशी भरून ठेवली. मुलगी घरी आल्यावर मी स्वतः शर्ट काढून तिला छातीशी बांधून तासन् तास बसलो, कारण कांगारूसारखं धरायला आम्हाला नीट शिकवलं होतं. सांगितलेलं आम्ही सगळं करतो. तारीख लिहिलेली असली तर करतोच करतो.

मुलीच्या डोळ्यांना लेझर झालं तेव्हा मला वाटलं, ती इतके दिवस मशीनवर होती, तिला इतका ऑक्सिजन लागला, म्हणून तिचे डोळे बिघडले. मुलगा तर ठणठणीत. एका आईच्या पोटातली, एकाच दिवशी, एकाच घटकेला जन्मलेली दोन पोरं, आणि एकाच्या डोळ्यांना धोका असेल तर दुसऱ्याच्याही असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी शिकलेलो नाही असं म्हणून सुटता येत नाही मला. बाप म्हणून ती माझी चूक आहे आणि मी ती मान्य करतो.

पण मुलीच्या फाईलवर पहिल्याच पानावर, कोपऱ्यात, ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं: ट्विन २. ती फाईल पन्नासहून जास्त दिवसांत कितीतरी जाणत्या हातांतून गेली. ट्विन २ म्हणजे कुठंतरी ट्विन १ आहे. तो कुठं आहे, त्याचे डोळे कुणी बघितले का, हे मला कुणी विचारलं नाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये मुलगी पंख्याकडं बघून हात-पाय हलवायला लागली. मुलगा आवाजाकडं वळायचा, पण तोंडाकडं बघायचा नाही. दोन्ही मुठी डोळ्यांवर दाबून धरायचा. बायको म्हणायची, "ह्याचं काहीतरी वेगळं आहे." मी विचारलं तर उत्तर मिळालं, वेळेआधीची मुलं सगळं उशिरा करतात, जन्मतारखेवरून मोजू नका, जी तारीख दिली होती तिथून मोजा. हे खरंच आहे. तेरा आठवडे आधी आलेल्या बाळाची वाढ पहिली दोन वर्षं तेरा आठवडे वजा करूनच मोजतात; फक्त लसी तेवढ्या जन्मतारखेप्रमाणे द्यायच्या. पण त्या बरोबर हिशेबानंच आम्हाला आणखी दीड महिना गाफील ठेवलं. डोळ्याचा पडदा असली वजाबाकी करत नाही.

एप्रिलमध्ये कळलं. दोन्ही पडदे पूर्ण सुटलेले. हैदराबादला नेलं, एका डोळ्याचं मोठं ऑपरेशन झालं. आज त्याला उजेड आणि अंधार एवढा फरक कळतो. त्या डॉक्टरांनी तारखा विचारून कागदावर मांडल्या आणि शांतपणे सांगितलं, बहिणीचं लेझर झालं त्या आठवड्यात भावाला आणलं असतं तर वेळ गेलेली नव्हती.

हे का होतं ते मला नंतर समजलं, आणि ज्या आईबापांच्या हाती हे पत्र पडेल त्यांच्यासाठी इथं लिहितो. पोटातल्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्या मधून कडेकडं वाढत जातात आणि नऊ महिने भरत येतात तेव्हा कडेला पोचतात. बाळ लवकर आलं की ती वाढ मधेच अडते. बाहेर ऑक्सिजन जास्त मिळाला तर आणखीच अडते. १९४०-५०च्या काळात परदेशात पेट्यांमध्ये मोकळ्या हातानं ऑक्सिजन सोडला गेला आणि हजारो मुलं आंधळी झाली, तेव्हा कुठं हे उमगलं. अडलेली वाढ पुढं भलत्याच वाटेनं सुरू होते, कच्च्या वाहिन्या फुटतात, त्यांचा वण पडद्याला ओढतो आणि पडदा सुटतो. एवढं सगळं होत असताना डोळा बाहेरून काळाभोर, सुंदर दिसतो. आईला कळत नाही. मुलांच्या डॉक्टरांनाही बॅटरी मारून कळत नाही. बुबुळ पांढरट दिसायला लागतं तेव्हा हातातलं गेलेलं असतं.

आणि यावर उपाय आहे. आपल्या देशाचा नियम ठरलेला आहे: चौतीस आठवड्यांच्या आधी जन्मलेलं किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं प्रत्येक बाळ जन्मापासून तीस दिवसांच्या आत डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवायचं. अठ्ठावीस आठवड्यांच्या आतलं किंवा १२०० ग्रॅमच्या खालचं असेल तर दोन ते तीन आठवड्यांतच. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ज्या तीस आजारांची तपासणी करायची ठरली आहे, त्या यादीतही हा आजार आहे. माझा मुलगा अठ्ठेचाळीस दिवस दवाखान्यात होता. दवाखान्यातच. तीस दिवस तिथंच पुरे झाले होते.

सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये तमिळनाडूतल्या अशाच एका मुलीच्या खटल्यात सुमारे १ कोटी ८० लाख रुपयांची भरपाई द्यायला लावली. मला अनेकांनी तो निकाल दाखवला, "केस कर" म्हणाले. मी केली नाही. ज्यांनी त्याला जगवलं त्यांच्यावर मला केस करवली नाही. म्हणून दवाखान्याचं नावही इथं लिहीत नाही. पण मी गप्प बसलो तर पुढच्या दसऱ्याला, पुढच्या गड्ड्याला आणखी कुणाचं तरी पोर असंच घरी जाईल. इथल्या पेट्यांमध्ये अक्कलकोट, मंगळवेढा, करमाळ्याची बाळं असतात, तुळजापूरकडची असतात, इंडी-अफजलपूरची असतात. एकदा ती गावाकडं गेली की "येऊन दाखवा" म्हटलं तरी आई ऊसतोडीला गेलेली असते, नाहीतर आजी येते आणि आजीकडं कार्ड नसतं.

म्हणून डॉक्टरांकडं माझं मागणं एकच आहे: डोळे तपासायची तारीख बाळाला सोडताना ठरवू नका, बाळ आत आलं त्या दिवशीच ठरवा. भरती करताना जन्मतारीख लिहिता, आठवडे लिहिता, वजन लिहिता. तिथल्या तिथं बोटं मोजून पुढची तारीखही लिहा आणि ती पेटीवर चिकटवा. बाळ तुमच्या छपराखाली असतानाच पहिली तपासणी होऊ द्या. पुढच्या तपासण्या बाकी असताना बाळ घरी जाणार असेल तर कार्डावर तारीख, ठिकाण आणि "हे चुकलं तर बाळाची नजर जाऊ शकते" एवढं एक वाक्य आईच्या भाषेत, लाल शाईत लिहा. सही आईची घ्या, आणि तिला वाचता येत नसेल तर तिच्याकडून ते वाक्य एकदा वदवून घ्या. कानांच्या तपासणीचंही तसंच. या बाळांना जी कडक अँटिबायोटिक्स द्यावी लागतात त्यांनीही काही वेळा ऐकू येणं जातं.

आणि जुळं असेल तर दुसरं कुठं आहे ते विचारा. जुळ्यांतली निम्म्याहून जास्त वेळेआधीच येतात, म्हणजे तुमच्याकडं ती येतच राहणार. दोघांत जे बरं असतं त्याच्याकडं सगळ्यांची पाठ होते, घरच्यांचीही. त्यालाच विचारणारं कुणी हवं.

महापालिकेच्या आणि जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना विनंती अशी की, नर्सिंग होमची नोंदणी आणि तिचं नूतनीकरण तुमच्याकडं होतं. तेव्हा आग विझवायच्या नळकांड्या मोजता, खाटा मोजता, ते योग्यच आहे. ज्या दवाखान्यात नवजात बाळांच्या पेट्या आहेत त्यांना आणखी एक वही दाखवायला सांगा: चौतीस आठवड्यांआतली किती बाळं आली आणि त्यांतल्या किती जणांचे डोळे कोणत्या तारखेला तपासले. दोन रकाने. ज्यांच्याकडं डोळ्यांचे डॉक्टर येत नाहीत त्यांना सरकारी रुग्णालयाशी किंवा येणाऱ्या डॉक्टरांशी जोडून द्या. आशाताई बाळंतिणीकडं घरी सहा-सात वेळा जातात, वजन करतात, ताप बघतात. लवकर आलेल्या बाळाच्या घरी गेल्यावर त्यांनी "डोळे दाखवले का, कागद दाखवा" एवढं विचारावं. आमच्या गल्लीतल्या आशाताई फार चांगल्या आहेत, त्यांनी ते नक्की विचारलं असतं. त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

पोरं आता चार वर्षांची झाली. मुलीला जाड चष्मा आहे, डाव्या पायाची टाच अजून नीट टेकत नाही, बावीस महिन्यांची झाल्यावर चालायला लागली, व्यायाम चालू आहेत. पण ती मला लांबून ओळखते आणि पळत येते. मुलगा बोलायला तिच्या आधी लागला. सुट्टीच्या दिवशी मी त्याला कारखान्यात घेऊन जातो. कापलेल्या चिंध्यांच्या ढिगात बसतो आणि एकेक तुकडा बोटांत धरून सांगतो, "हे टेरिकॉट, हे कॉटन, हे बनियन." चुकत नाही. परवा बहिणीनं त्याला विचारलं, "निळं कुठलं?" तो बराच वेळ हातातला तुकडा चोळत राहिला आणि मग माझ्याकडं तोंड करून म्हणाला, "पप्पा, निळं कसं लागतं?"

माझ्या हातात कापड आहे, म्हणून मी जे करू शकतो ते लिहितो. आमच्या धंद्यात कॉलरच्या आत मापाचं लेबल शिवल्याशिवाय माल बाहेर जात नाही. सोलापुरातल्या ज्या ज्या दवाखान्यात अशी बाळं आहेत, त्यांना मी बनियनच्या कापडाच्या टोप्या शिवून देईन, साडेनऊ इंचांपासून पुढच्या सगळ्या मापांत, शिवण बाहेर ठेवून. पैसे नकोत. प्रत्येक टोपीवर बाहेरून एक पांढरी पट्टी असेल. तिच्यावर न जाणाऱ्या शाईच्या पेनानं तीन गोष्टी लिहायची जागा असेल: जन्मतारीख, किती आठवडे, आणि डोळे तपासायची तारीख. जुळं असेल तर टोप्या जोडीनं देईन आणि दोन्ही पट्ट्यांवर दुसऱ्या बाळाचा पत्ता लिहायला चौथी ओळ असेल.

पहिल्या पन्नास टोप्या तयार आहेत. पट्टीवरच्या ओळी मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दूत छापून घ्यायच्या आहेत, त्यासाठी नेमके शब्द तुमच्यापैकी कुणीतरी सांगावेत. बोलवाल तिथं, बोलवाल त्या वेळी घेऊन येतो.

आपला नम्र,
एका जुळ्यांचा बाप, कटिंग मास्तर
सोलापूर